बाराव्या वर्षाची आवळी

अमरावती,
कार्तिक शुद्ध दशमी, गुरुवार,
दुपारचे तीन (आशाबाई भजनी मंडळात गेल्या आहेत)

प्रिय वसंतराव यांना खुशालचा सप्रेम नमस्कार, आणि रमावहिनींना वेगळा व जास्त आदराचा नमस्कार.

नावापुढे 'राव' बघून तू चष्मा काढून पुसला असशील. पुसू नकोस, बरोबरच वाचलं आहेस. अकोल्याला कॉलेजात असताना आपण एका खोलीत राहायला लागलो त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली, आणि एवढ्या काळात मी तुला कधी 'राव' लावलेला नाही. (तू मला चारदा लावलास. चारही वेळा तुला माझी सायकल हवी होती.) माझं तसं काही नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर माणूस जरा नम्र होतो, एवढंच समज.

तुझी साखर काय म्हणते? गौरांगनं पुण्याहून पाठवलेलं ते पावलं मोजायचं घड्याळ तू स्वतःच्या हातात बांधतोस, की अजून रमावहिनींच्या हातात बांधून संध्याकाळी त्याला आकडा कळवतोस? तसं असेल तर मुलगा तुझ्यावर खूश असणार, कारण वहिनी स्वयंपाकघर ते अंगण जेवढ्या चालतात तेवढं चालणारा बाप कुठल्याही मुलाला अभिमानाचाच वाटेल. पण तोंडात पेढा ठेवून पावलं मोजणं बंद कर. मी शाळामास्तर नाही, तू होतास, तरी तुला हे मलाच सांगावं लागतं.

माझी तब्येत उत्तम. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला महिना झाला. काळा चष्मा लावून बसतो, त्यामुळे कॉलनीतली माणसं मला उगाच मान देतात. डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या आहेत: खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही आणि उन्हात वर बघायचं नाही. पहिल्या दोन मी लग्न झाल्यापासूनच पाळत आलो आहे (हे अर्थात आशाबाईंचं मत). तिसरीनं मात्र माझा घात केला आहे आणि त्यापायी आज कागद घेऊन बसलो आहे.

फोन का केला नाही, असं विचारशील. आमच्या घरी फोन कोणा एकाचा नसतो. मी नुसतं 'वसंता' म्हटलं की सून सीमा येऊन स्पीकर लावते (तिच्या मते मला कमी ऐकू येतं. मला कमी ऐकू येत नाही, मी कमी उत्तर देतो), आणि आतून आशाबाईंचा आवाज येतो की भाऊजींना विचारा, वहिनीच्या गुडघ्याला त्या तेलानं फरक पडला का. पुढचं बोलणं त्या दोघींचंच होतं. आज जे सांगायचं आहे ते आशाबाईंच्या कानावर जाऊन चालणार नाही. म्हणून कागद. आमच्या शेजारचा चंदन अकोल्याला बँकेत आहे, रोज बडनेऱ्याहून गाडीनं जातो-येतो. उद्या सकाळी पाकीट त्याच्याकडे देतो, संध्याकाळच्या आत तुझ्या हातात पडेल. पोस्टावर माझा राग नाही, पण पौर्णिमा मंगळवारी आहे आणि ती काही माझ्यासाठी थांबणार नाही.

आता मुळापासून सांगतो. आशाबाईंचा आवळीभोजनाचा नेम तुला ठाऊक आहे. कार्तिकात एक दिवस घरातल्या सगळ्यांनी आवळीच्या झाडाखाली जायचं, झाडाची पूजा करायची आणि तिथंच बसून जेवायचं. पौर्णिमेच्या आत. आशाबाई हे बारा वर्षांसाठी बोलल्या आहेत आणि यंदाचं बारावं. अकरा वर्षं आमच्या शेतातल्या आवळीखाली पंगत बसली. यंदा रस्ता रुंद झाला आणि त्यात आवळी गेली. दसऱ्यापासून आशाबाई बेचैन. शेवटच्याच वर्षी झाड नाही, हे काही बरं लक्षण नव्हे, असं भाजी निवडताना, पोळी लाटताना, टीव्ही बघताना म्हणायच्या. आमच्या अमोलनं (विमा कंपनीत मॅनेजर झाल्यापासून त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीची योजना असते) कुठलंसं फार्महाऊस शोधून काढलं, तिथं आवळी आहे आणि पोहायचा तलावही आहे म्हणाला. त्या वेळी मी तोंड मिटून बसलो असतो तर आज सुखी असतो. पण चौतीस वर्षं कृषी सहायक म्हणून ज्यानं अर्ध्या तालुक्याला झाडं वाटली त्याच्या बायकोनं आवळीसाठी पोहण्याच्या तलावावर जावं? मला राग आला. मी म्हणालो, झाड मी देतो.

आणि झाड होतं, वसंता! शहाऐंशी साली तिवस्याच्या पुढे कुऱ्ह्याच्या रस्त्याला, शेतात जाणाऱ्या एका पांदणीच्या तोंडाशी आपल्या खात्यातर्फे पन्नास आवळे लावले होते. रजिस्टरवर माझी सही आहे. त्यातलं एक झाड अजून उभं आहे, येता-जाता एसटीच्या खिडकीतून मी ते कितीदा तरी पाहिलं आहे आणि दरवेळी शेजारच्या प्रवाशाला सांगितलं आहे की हे माझं. पुढे सरळ कौंडण्यपूर. तिथं देवीचं दर्शन, वर्धा नदी, आणि आशाबाईंचं माहेरही त्याच अंगाला, म्हणजे त्या खूश. रविवार ठरला.

सकाळी सातला निघायचं होतं, म्हणून पावणेअकराला निघालो. अमोलची गाडी नवी आहे आणि आतून पांढरी आहे. ज्या माणसानं वऱ्हाडात राहून आतून पांढरी गाडी घेतली त्याच्याविषयी मी काय बोलू! आशाबाईंनी त्या गाडीत रोडग्यांसाठी दोन पोती गोवऱ्या ठेवायला सांगितल्या. अमोलनं कोळसा नेऊ म्हणून पाहिलं. कोळशावर रोडगे होतात हे ऐकून आशाबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो स्वतःच पोतं उचलून आला. मग पितळी पातेलं, वांगी, कणीक, डाळ, तुपाची बरणी, पूजेचं ताट, सुताची गुंडी, दोन सतरंज्या, पाण्याचा कॅन आणि माझ्या डोळ्यात घालायचे थेंब. नात रागिणी मांडीवर पातेलं घेऊन बसली. ती यंदा बारावीला आहे. क्लास बुडवून आली होती, पण नेमाचं नाव निघाल्यावर क्लासवाल्या सरांनीही मुकाट्यानं सुट्टी दिली म्हणे.

मोझरीला थांबलो. गुरुकुंजात राष्ट्रसंतांच्या समाधीपुढे बसलो तर फार शांत वाटलं. आशाबाई सलग दहा मिनिटं एक शब्द बोलल्या नाहीत. (मीही नाही. पण माझी कोणी नोंद घेत नाही.) बाहेर येऊन चहा झाला, तिवसा मागे पडलं, दोन्ही बाजूंना तूर फुलली होती, कापूस फुटला होता, सगळ्यांची मनं प्रसन्न. गाडीतली नकाशावाली बाई सारखी उजवीकडे वळा म्हणत होती. मी अमोलला सांगितलं, तिला गप्प कर, या भागात तिच्यापेक्षा माझी नोकरी जास्त झाली आहे. आणि खरंच, बोट दाखवून मी अचूक त्या पांदणीच्या तोंडाशी गाडी उभी करायला लावली. झाड जागेवर होतं. ऐसपैस, सावली धरून. मी काळा चष्मा लावूनच खोडावर हात ठेवला तेव्हा माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू.

मग मी सगळ्यांना उभं करून आवळ्याविषयी माहिती दिली. औषधी गुण, जाती, लागवडीचं अंतर, सगळं. वीस मिनिटं झाली असतील. महिनाभर घरात एका खुर्चीवर बसून माझं तोंड गंजलं होतं, ते मोकळं झालं. मध्येच रागिणीनं विचारलं की आबा, आवळ्याला शेंगा असतात का, वर शेंगा लटकून राहिल्या. आता मला वर बघायची बंदी. मी म्हणालो, ही सुधारित जात आहे. खात्यात असताना कुठल्याही अवघड प्रश्नाला हेच उत्तर होतं आणि चौतीस वर्षांत ते कधी वाया गेलं नाही. तिनं पुढे विचारलं, मग आवळे कुठे आहेत? मी म्हणालो, ते पुढच्या वर्षी.

आशाबाईंनी खोडाला हळदकुंकू वाहिलं, सूत गुंडाळलं, दिवा लावला. तोवर अमोलनं गोवऱ्या रचून पेटवल्या. रोडग्यांना तासभर लागतो, निखाऱ्यात घालून वरून राख लोटली की विसरून जायचं असतं. पण मॅनेजर माणसाला विसरता येत नाही. दर पाच मिनिटांनी फोनवर लावलेली घंटी वाजायची आणि हा काठी घेऊन एकेक रोडगा उकरून त्याची विचारपूस करायचा. चौदापैकी एक रोडगा त्या चौकशीत कुठे गेला तो शेवटपर्यंत सापडला नाही.

तेवढ्यात बकऱ्या आल्या. पाच-पन्नास असतील. आल्या त्या थेट आमच्या झाडाखाली, जणू आमंत्रण होतं. त्यातल्या दोघी खोडाला पाय लावून उभ्या राहिल्या आणि वरचा पाला ओढायला लागल्या. मागून त्यांची मालकीण आली, साठीची बाई, हातात पाला ओढायची आकडी. म्हणाली, आमच्या बकऱ्या रोजच येतात जी इथं, या पाल्यावर त्याईचा लय जीव. मी घरच्यांकडे वळून म्हणालो, बघा, मुक्या जनावरालासुद्धा आवळीचं महत्त्व कळतं. 'बाबूजी, हे आवळी व्हय?' असं म्हणून त्या बाईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, शहरातल्या माणसाला झाड ओळखता येतं याचं तिला कौतुक वाटलं असावं. तिलाही पंगतीत बसवलं. रोडगे तुपात बुडवून, वांग्याची भाजी, वरण, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. वसंता, तुला तिथं असायला हवं होतं. (तू असतास तर दोन रोडगे अजून कमी पडले असते, तरीही.) मी चार खाल्ले. ती बाई म्हणाली, असा सैपाक आमच्या कौंडण्यपूरच्या जत्रेतही भेटत नाही, तर आशाबाई लाजल्या. बहात्तर माणसांच्या कॉलनीत हळदीकुंकवाला न लाजणारी ही बाई तिथं गोवऱ्यांच्या धुरात लाजली, आणि मला ती बरी दिसली.

जेवणं झाल्यावर आशाबाई त्या बाईबरोबर हात धुवायला पांदणीच्या नळाकडे गेल्या. मी मजेत होतो. सवयीनं नेमावर टीका सुरू केली. तू जाणतोसच, मी देवाच्या विरुद्ध नाही, पण झाडाखाली जेवून पुण्य मिळत असेल तर माझ्या नोकरीत मी जेवढे डबे झाडाखाली खाल्ले तेवढ्यात मला विमान यायला हवं होतं, असं काहीसं बोललो. तेव्हा सीमा भांडी पुसता पुसता म्हणाली, बाबा, आईंच्या नेमाला असं बोलू नका. तुमच्या बायपासच्या वेळी त्या हा नेम बोलल्या होत्या. ऑपरेशन चाललं होतं तेव्हा हॉस्पिटलच्या पायरीवर बसून.

मला हे ठाऊक नव्हतं रे. बारा वर्षं मी धरून चाललो होतो की अमोलच्या नोकरीसाठी काहीतरी असेल. दरवर्षी तिथं बसून मी रोडगे खायचे, वर चेष्टा करायची, आणि ही बाई निमूटपणे माझ्याच पानात तूप वाढायची. डोळ्यात पाणी आलं तर सीमा धावत थेंबांची बाटली घेऊन आली, आणि मी ते थेंब घालून घेतले, कारण दुसरं काही सांगता येईना. कौंडण्यपूरला नदीवर गेलो, देवीपुढे मी पहिल्यांदा स्वतःहून हात जोडले. आशाबाई म्हणाल्या, 'काहून जी, पोट तर ठीक आहे ना?'

परत येताना गाडीत सगळे गात होते. पांढऱ्या सीटवर गोवरीचा चुरा, रागिणीच्या केसात राख, अमोलच्या बाहीला तूप. आशाबाई म्हणाल्या, झाला एकदाचा नेम पुरा. त्यांचा तो आवाज ऐकून मला एवढं हलकं वाटलं की घर येईपर्यंत मी कोणाचीही चूक काढली नाही.

सोमवारी सकाळी रागिणी माझ्याजवळ येऊन बसली. हल्ली फोनमध्ये अशी सोय आहे की पानाचा फोटो काढला की झाडाचं नाव येतं. तिनं रविवारीच फोटो काढला होता. म्हणाली, आबा, रागावू नका, ते सुबाभूळ आहे. मी रागावलो. फोनला काय कळतं, म्हणालो. मग तिनं फोटो मोठा करून दाखवला आणि नव्या डोळ्यानं, चष्मा काढून, मी त्या शेंगा पाहिल्या. चपट्या, वाळलेल्या, झुबक्यानं लटकलेल्या. वसंता, सुबाभूळ! जिचा पाला बकऱ्यांना घाला म्हणून मी स्वतः गावोगाव भाषणं दिली, ती सुबाभूळ!

मग हळूहळू आठवलं. शहाऐंशी साली रोपांची गाडी सकाळी यायची ती दुपारी चारला आली. माझी अमरावतीची शेवटची एसटी साडेचारची. कागदावर लिहिलं होतं, आवळा पन्नास नग. मी एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून, गुडघ्यावर रजिस्टर धरून सही केली. पोती उघडून बघितली नाहीत. त्या दिवसापासून मी ते झाड खिडकीतून दरवर्षी पाहिलं, पण झाड कुठे पाहिलं, माझी सही पाहिली. दुसऱ्या कोणी लावलेलं असतं तर शंभर पावलांवरून सांगितलं असतं की ही सुबाभूळ आहे.

आता परिस्थिती अशी आहे. नेम बारा वर्षांचा, माझ्या जिवासाठी बोललेला, अकरा वर्षं नीट पार पडलेला, आणि बाराव्या वर्षी माझ्यामुळे बकऱ्यांच्या चाऱ्याखाली पुरा झालेला. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण माझ्या मानण्याचा प्रश्न नाही. त्या पायरीवर बसून जी बाई देवाला शब्द देऊन आली तिचा शब्द माझ्या सहीपायी खोटा पडावा, हे मला सहन होत नाही. आणि तिला सांगायचीही हिंमत नाही. 'झाला एकदाचा नेम पुरा' हे तिनं ज्या सुरात म्हटलं तो सूर मला मोडायचा नाही. म्हणून ठरवलं, पौर्णिमेच्या आत तिला तिच्या नकळत खऱ्या आवळीखाली जेवू घालायचं.

प्रयत्न केले. मंगळवारी नर्सरीतून आवळ्याचं रोप आणलं (रागिणीकडून फोनवर तीनदा तपासून घेतलं, नर्सरीवाल्याला अपमान वाटला). अडचण एवढीच की ते वीतभर उंच. बुधवारी, आवळेनवमीलाच, आशाबाई गच्चीवर ऊन खात पोहे घेऊन बसल्या होत्या. मी मागून गेलो आणि रोपाची पिशवी दोन्ही हातांनी त्यांच्या डोक्यावर धरून उभा राहिलो. कार्यभाग होत आला होता, चार-पाच घास गेलेही, तेवढ्यात पिशवी फाटली आणि माती पोह्यात. आशाबाईंनी मान वर करून विचारलं, हे काय करून राहिले? मी म्हणालो, रोपाला ऊन दाखवून राहिलो. त्या म्हणाल्या, 'डोळ्यासंगं डोकस्याचंही करून घ्याले लागत होतं.' आणि हो, जड उचलायचं नाही हा डॉक्टरांचा नियमही त्यात मोडला.

त्या चार घासांनी नेम फिटतो का, हे तुला विचारतो. तुझे वडील एवढे नावाजलेले भिक्षुक, तू शाळेत संस्कृत शिकवलंस, तुझ्या घरात पोथ्या आहेत. झाडाखाली म्हणजे किती खाली, झाड किती मोठं, आणि पोह्यांना जेवण म्हणता येतं का, हे कुठे लिहिलेलं असेल तर बघून ठेव. मातीचा उल्लेख केला नाहीस तरी चालेल.

असो. जवळच्या मित्रापाशी मन मोकळं केलं, बरं वाटलं. माझं तुझ्याकडे काही मागणं नाही. तुझी साखर सांभाळ, रमावहिनींचा गुडघा सांभाळ, नात जुईलीला आशीर्वाद कळव.

तुझा,
खुशाल

ता. क. एक बारीकसं मागणं आहे. या रविवारी तू आम्हा दोघांना जेवायला बोलाव. म्हणजे शनिवारी फोन करून, अगदी तुलाच सुचल्यासारखं बोलाव. आणि पानं तुमच्या परसात, त्या आवळीच्या झाडाखाली मांड. आशाबाईंचं पान खोडाला लागून. आवळी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आत का बसत नाही असं विचारलं तर घरात रंग काढला आहे म्हण. (तू रंग कधी काढत नाहीस हे त्यांना माहीत आहे, तेव्हा पंखा बिघडला म्हणणं बरं.) येताना मी पेढे आणणार नाही.

ता. क. दुसरं. चार वर्षांमागे तुझ्याकडे आलो होतो तेव्हा त्याच झाडाकडे बघून मी तुला सांगितलं होतं की हे फळ धरणार नाही, तोडून टाक. तू नंतर पत्रात लिहिलंस की तोडलं. वसंता, तू लहानसहान कामं केली नसतानाही केली म्हणून सांगतोस अशी मी आयुष्यभर तुझी निंदा केली. या वेळीही तू तसंच केलं असावंस, अशी मी मनापासून आशा करतो. खरंच तोडलं असशील तर बुंध्याला धुमारे फुटले आहेत का ते बघ. गुडघ्याएवढे असले तरी मला कळव, आम्ही आडवे बसून जेवू.

ता. क. तिसरं. हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक. कपाटात ठेवू नकोस. रमावहिनींना दाखवू नकोस, कारण त्या आशाबाईंना सांगतील, आणि आशाबाईंना यातलं अक्षरही माहीत नाही.

*

वसंतभाऊजी, मी आशा. हे फिरायले गेले. पाकिटाले डिंक लावायचा राहून गेला होता अन् चंदन दाराशी उभा आहे, म्हणून खालच्या कोऱ्या जागेत लिहिते. बोलते तशीच लिहिते, समजून घ्या.

ते झाड सुबाभळीचं आहे हे मले गाडीतून उतरायच्या आधीच दिसलं होतं. माह्या बाबांच्या शेताच्या धुऱ्यावर ओळीनं तेच होते. पण हे एवढ्या जोरानं सांगून राहिले होते की मले वाटलं, थोड्या वेळानं झाडालेही खरं वाटन. डोळ्याचं झाल्यापासून महिनाभर खुर्चीत बसून होते. धड बोलत नव्हते, जेवत नव्हते. त्या दिवशी वीस मिनिटं उभे राहून बोलले अन् चार रोडगे खाल्ले. तिथं त्याईले खोटं पाडून मले कोणतं पुण्य भेटणार होतं?

आता नेमाचं. त्याईच्या बायपासच्या वक्ती मी पायरीवर बसून बोलली होती, हे खरं आहे. पण एकाच वर्षाचं बोलली होती. पहिल्याच कार्तिकात ते फिटलं. मंग पाहिलं की नेम म्हटलं का अमोल सुट्टी काढते, सीमा घड्याळ पाहत नाही, रागिणी फोन बाजूले ठेवते, हे जुन्या गोष्टी सांगतात, अन् कोणीच नाही म्हणत नाही. म्हणून मीच त्याचे बारा वर्षं करून टाकले. आता सगळे विचारतील का झाला ना पुरा, म्हणून चोवीस होते असं सांगीन म्हणते.

रविवारी येतो आम्ही. रमावहिनीचं अन् माझं सोमवारीच ठरलं, तुमाले त्याईनं सांगितलं नसन. तुमची आवळी उभीच आहे, तुमी कुऱ्हाड आणाले गेले ते पानठेल्यावरून परत आले, असं त्या म्हणाल्या. पंख्याचं जे सांगायचं ते सांगा, मी हो म्हणीन.

फक्त यातलं ह्याईले कळू देऊ नका. नेम आपल्यासाठी होता हे समजल्यापासून रोज सकाळी स्वतः उठून चहा करतात अन् मले पलंगावर आणून देतात. आज पाचवा दिवस आहे. साखर दुप्पट टाकतात, पण मी काही बोलली नाही.